प्रलयानंतरचे शेजारी

जग बुडाले आणि त्यातून थोडी माणसे वाचली, तर ती एकमेकांशी कशी वागतील, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्याकडील प्राचीन राजनीतिशास्त्राने ह्या स्थितीला ‘मात्स्यन्याय’ असे नाव दिले. मोठा मासा लहान माशाला गिळतो, तद्वत् जेथे राजदंड नाही तेथे बलवान दुर्बलाला गिळतो. आणि ह्या जाचाला त्रासलेल्या प्रजेने धान्याचा सहावा हिस्सा देऊ करून मनूला आपला राजा केले, अशी कथा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात येते. पुढे इंग्लंडात यादवी माजली असता पॅरिसमध्ये आश्रय घेऊन राहिलेल्या टॉमस हॉब्ज ह्या तत्त्ववेत्त्याने तोच विचार १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लेव्हायथन’ ह्या ग्रंथात मांडला. शासनसत्ता नसेल तर प्रत्येकाचे प्रत्येकाशी युद्ध जुंपेल, असा त्याचा निष्कर्ष होता. ह्या प्रश्नावर पंडितांचे वाद शतकानुशतके चालले. परंतु प्रयोग करून पाहण्याची सोय कोणालाच नव्हती. रसायनशास्त्रज्ञाला परीक्षानळी मिळते. राज्यशास्त्रज्ञाला राज्य मोडून पाहता येत नाही.

ती सोय अखेर झाली, आणि तीही अशा ठिकाणी की जेथे कोणी पंडित पाहावयास गेला नसता. संगणकावरील व्हिडिओ गेमचा एक विशिष्ट प्रकार गेल्या दीड दशकात उदयास आला व जगभर पसरला. ह्या प्रकारात प्रत्येक खेळाडू आपापल्या घरी आपापल्या पडद्यापुढे बसलेला असतो; परंतु इंटरनेटच्या द्वारे ते सर्व एकाच काल्पनिक भूमीवर उतरतात. ती भूमी अणुयुद्धाने किंवा रोगाच्या साथीने उजाड झालेली असते. तेथे सरकार नाही, पोलीस नाही, दुकान नाही. खेळाडूला तहान लागते, भूक लागते, थंडी बाधते, जखम झाली तर रक्त वाहते. लाकूड, दगड, भंगार जे हाती लागेल ते गोळा करून त्यातून कुऱ्हाड, चूल, भिंत, दरवाजा हे सर्व आपल्या हाताने घडवावे लागते. मरण आले की अंगावरची कमाई जाते. ह्या भूमीचा सारा हिशेब ठेवणाऱ्या मध्यवर्ती संगणकाला ‘सर्व्हर’ म्हणतात. तेथील संपत्ती खोटी असते हे खरे. पण ती मिळवण्यात खर्ची पडलेले तास खरे असतात, आणि म्हणूनच ती लुटली गेली तर होणारा संतापही खरा असतो.

ह्या खेळांचा वंशवृक्ष पाहू गेल्यास तीन निरनिराळे प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह सहवासाचा. इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल ह्या दोन विद्यार्थ्यांनी १९७८ साली ‘मड’ नावाचा खेळ रचला. त्यात चित्र नव्हते, केवळ अक्षरे होती. परंतु अनेक माणसे एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरत आहेत, हा अनुभव त्याने दिला. दुसरा प्रवाह विध्वंसाचा. अणुयुद्धाची भीती ज्या पिढीच्या मनात घर करून होती त्या पिढीने अमेरिकेत १९८८ साली ‘वेस्टलँड’ आणि १९९७ साली ‘फॉलआउट’ हे खेळ काढले. युद्धानंतरचे वाळवंट त्यांत फार परिणामकारक रीतीने रंगवलेले होते, पण खेळणारा एकटाच असे; भोवतीची माणसे यंत्राने चालवलेली बाहुली होती. तिसरा प्रवाह कारागिरीचा. स्वीडनमधील मार्कुस पेर्सोन ह्याने २००९ साली लोकांपुढे आणलेल्या ‘माइनक्राफ्ट’मध्ये विध्वंस नव्हता, पण झाड तोडावे, फळ्या कराव्यात, फळ्यांतून हत्यार करावे, हत्याराने दगड फोडावा आणि रात्र पडण्यापूर्वी डोक्यावर छप्पर करावे, हा क्रम त्याने लहानथोरांना शिकवला. ‘घर पाहावे बांधून’ ह्या आपल्याकडील म्हणीचा अर्थ लाखो मुलांना त्या खेळातून कळला असेल.

ह्या तीन प्रवाहांचा संगम ज्याच्या हातून घडला तो मनुष्य सैनिक होता. न्यूझीलंडच्या सैन्यातील डीन हॉल हा अधिकारी सिंगापूरच्या सैन्याबरोबर शिक्षण घेत असता त्याला ब्रुनेईच्या जंगलात तग धरून राहण्याच्या खडतर शिक्षणातून जावे लागले. अपुऱ्या अन्नावर दिवस काढताना त्याची प्रकृती ढासळली. भूक माणसाच्या विचारावर कसा ताबा मिळवते, हे त्याने तेथे स्वतः अनुभवले. पुढे प्राग येथील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह ह्या कंपनीच्या ‘आर्मा २’ ह्या युद्धविषयक खेळात फेरफार करून त्याने १९१२ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे २०१२ च्या जानेवारीत, ‘डेझी’ नावाची आवृत्ती विनामूल्य प्रसृत केली. ऑगस्टपर्यंत तिच्या खेळाडूंची संख्या दहा लाखांवर गेली.

‘डेझी’ची भूमी चेर्नारूस नावाचा एक काल्पनिक देश आहे. सुमारे २२५ चौरस किलोमीटरच्या ह्या प्रदेशातील टेकड्या व रस्ते चेक देशातील उस्ती नाद लाबेम ह्या शहराच्या परिसरावरून घेतले आहेत. समुद्र मात्र कल्पनेतला, कारण चेक देशाला समुद्रकिनारा नाही. एका अज्ञात रोगाने तेथील बहुतेक माणसे चालती प्रेते झाली आहेत. खेळाडू किनाऱ्यावर जागा होतो. आरंभी त्याच्यापाशी एक पिस्तूल असे. पुढे तेही काढून घेण्यात आले. मग ओसाड खेड्यांतून घेवड्याचे डबे शोधीत हिंडायचे. मरण आल्यास सर्व गेले. पुन्हा किनारा, पुन्हा रिकामे हात.

येथे एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. चालत्या प्रेतांची भीती खेळाडूंना दोनचार दिवसांत उरली नाही. भीती उरली ती माणसाची. दूरवर दुसरा खेळाडू दिसला की छाती धडधडू लागे. हा मित्र की शत्रू? जवळ आलेल्या माणसालाच ऐकू जाईल असे बोलण्याची सोय ह्या खेळात होती. ‘मित्र आहे’ असे ओरडून सांगावे, तर त्या ओरडण्यानेच आपला ठावठिकाणा कळतो. गप्प राहावे, तर समोरचा घाबरून गोळी घालतो. समोरच्याला मारण्याची इच्छा दोघांपैकी कोणालाच नसली, तरी ‘तो मारील’ ह्या भयाने दोघेही बंदूक उगारीत. हॉब्जने युद्धाच्या कारणांत लोभ व कीर्ती ह्यांच्याबरोबर परस्परांविषयीचा अविश्वास सांगितला आहे. त्याचे इतके उघडेनागडे दर्शन क्वचितच घडले असेल. परिणामी अनेक खेळाडूंनी ‘दिसला की मार’ हाच आपला धर्म केला.

पण ह्याच खेळाच्या मूळ नियमांत एक बारीकसा नियम होता. जखमी माणसाला रक्ताची पिशवी चढवायची, तर ती त्याला स्वतःला चढवता येत नसे. दुसऱ्याच्या हातूनच ती चढवून घ्यावी लागे. एवढ्या एका नियमाने केवढा फरक पडावा! खेळाडूंमध्ये स्वयंसेवकांची वैद्यकीय पथके निघाली. कोठे कोणी जखमी होऊन पडला आहे असा निरोप आला की ही मंडळी स्वतःचा जीव धोक्यात घालून, मैलोगणती रान तुडवून तेथे जात आणि अनोळखी माणसाला रक्त देऊन परत येत. मोबदला काहीच नाही. ज्या भूमीवर ‘बळी तो कान पिळी’ हा कायदा होता, त्याच भूमीवर हा सेवाधर्मही उगवला, आणि तो कोणाच्या उपदेशाने उगवला नाही. एका माणसाला दुसऱ्याची गरज भासेल अशी योजना होती, म्हणून उगवला.

निर्मात्यांनी शिक्षेचाही प्रयोग करून पाहिला. निरपराध्याला मारणाऱ्याची ‘माणुसकी’ यंत्राच्या वहीत कमी होई, आणि ती फार घसरली की त्याचा पेहराव बदलून तो दरोडेखोरासारखा दिसू लागे. कपाळावर गुन्ह्याची खूण डागण्याचाच हा प्रकार. परंतु ज्याने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली त्याच्यात, आणि ज्याने लुटीसाठी झाडली त्याच्यात, यंत्राला नीट भेद करता येईना. तो नियम मध्यंतरी काढला गेला व पुढे सुधारून पुन्हा आणला गेला. सज्जनासाठीही वेगळा वेश ठेवण्यात आला. न्यायदान हे केवळ हिशेबाचे काम नाही, साक्षीपुराव्याचे व हेतूच्या पारखीचे आहे, हा धडा येथे आपोआप मिळाला.

‘डेझी’च्या यशाने अनेकांचे लक्ष ह्या प्रकाराकडे वळले. २०१३ च्या डिसेंबरात एका आठवड्याच्या आत तीन खेळ विक्रीस आले. ११ तारखेला ‘रस्ट’, १३ तारखेला ‘सेव्हन डेज टू डाय’, आणि १६ तारखेला ‘डेझी’ची स्वतंत्र आवृत्ती. तिन्ही अपुऱ्या अवस्थेतच बाजारात आले. ग्राहक खेळत राहणार आणि निर्माते दुरुस्त्या करीत राहणार, अशी ही नवी रीत होती. त्यामुळे नियम बदलला की माणसे कशी बदलतात, हे वर्षानुवर्षे पाहता आले.

ह्यांपैकी ‘सेव्हन डेज टू डाय’ हा टेक्सासमधील कंपनीचा खेळ. ह्यात अ‍ॅरिझोनातील एका काल्पनिक परगण्यात वस्ती करायची असते, आणि दर सातव्या रात्री चालत्या प्रेतांची झुंड घरावर चालून येते. सहा दिवस तटबंदी, सातव्या रात्री झुंज. येथे शत्रू बाहेरचा आहे, त्याची वेळ ठरलेली आहे, आणि एकट्याने तट राखणे जड जाते. म्हणून मित्रमंडळी व कुटुंबेच्या कुटुंबे हा खेळ एकत्र खेळताना आढळतात. एक खाण खणतो, एक स्वयंपाक करतो, एक भिंतीची डागडुजी करतो. गावकूस बांधणाऱ्या जुन्या खेड्यासारखीच ही रीत आहे.

‘रस्ट’चा मार्ग ह्याच्या नेमका उलट. इंग्लंडातील फेसपंच ह्या कंपनीच्या ह्या खेळात मनुष्य उघडावाघडा जन्मतो; हातात एक दगड व एक मशाल. आरंभी ह्यातही चालती प्रेते होती, पण २०१४ च्या प्रारंभी ती काढून टाकण्यात आली आणि त्यांच्या जागी अस्वले व लांडगे आले. भय मात्र यत्किंचितही कमी झाले नाही, कारण ते प्रेतांचे नव्हतेच. ‘रस्ट’मध्ये खेळाडू संगणक बंद करून निजावयास गेला, तरी त्याचे खेळातील शरीर तेथेच निजलेले राहते. रात्री मालक झोपला असता शेजारी सुरुंग लावून भिंत फोडतो आणि कोठार रिकामे करतो. सकाळी उठून पाहावे तो आठवड्याची मेहनत गेलेली. म्हणून तेथे घरे नसतात, गढ्या असतात. दारामागे दार, आणि प्रत्येक दाराला आकड्यांचे कुलूप.

तरीही त्या गढ्यांच्या मुलुखात जे घडले ते विचार करण्यासारखे आहे. एकटा मनुष्य टिकत नाही असे दिसताच टोळ्या झाल्या. टोळ्यांत पहारेकरी, कारागीर, शेतकरी अशी कामाची वाटणी झाली. दुबळ्यांनी बलवानांना खंडणी देऊन अभय मिळवले. दोन टोळ्यांत तह झाले आणि मोडले. काही सर्व्हरांवर चालकांनी आपले कायदे जाहीर करून ते मोडणाराला हद्दपारीची शिक्षा ठेवली. शालेय पुस्तकात जे राज्यसंस्थेच्या उत्पत्तीचे प्रकरण असते, ते येथे दर महिन्याला नव्याने घडते. कारण दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी जुने जग पुसून टाकून सर्वांना पुन्हा दगड व मशाल देण्याची ‘रस्ट’ची प्रथा आहे.

निर्मात्यांनाही हळूहळू संस्थापकाची भूमिका पतकरावी लागली. २०१७ मध्ये त्यांनी घरपट्टीसारखा एक नियम आणला. घर जेवढे मोठे तेवढे अधिक लाकूड, दगड व लोखंड कोठारात नित्य ठेवावे लागे. न ठेवल्यास भिंती आपोआप झिजत. त्यामुळे अफाट जमीन अडवून बसणाऱ्यांना थोडा आळा बसला. २०१८ मध्ये एक सुरक्षित बाजारपेठ आली. तिच्या हद्दीत कोणी शस्त्र उगारले तर पहाऱ्यावरील यंत्रतोफा त्यालाच टिपतात. अराजकाचा खेळ म्हणून जो निघाला, त्यात पाच वर्षांच्या आत कर, बाजार आणि पोलीस ह्या तिन्ही गोष्टी आल्या. २०१५ मध्ये खेळाडूंना निरनिराळे वर्ण, आणि २०१६ मध्ये स्त्रीदेहही, यंत्राकडून परस्पर वाटण्यात आले. कोणालाही ते निवडता येत नाहीत. पुष्कळांनी तक्रार केली. परंतु प्रत्यक्ष जन्मातही तो अधिकार कोणाला असतो?

चौथा प्रयोग अमेरिकेतील बेथेस्डा कंपनीचा. २०१८ च्या नोव्हेंबरात निघालेला ‘फॉलआउट ७६’ हा वेस्ट व्हर्जिनिया ह्या खऱ्याखुऱ्या संस्थानात घडतो. त्या संस्थानात ग्रीनब्रायर नावाचे जुने आलिशान विश्रामस्थान आहे आणि त्याच्याखाली अमेरिकेच्या विधिमंडळासाठी बांधलेले गुप्त भुयार होते. १९९२ साली वृत्तपत्राने त्याचा गौप्यस्फोट केला. प्रलयाची तयारी तेथे एकेकाळी सरकारनेच करून ठेवली होती. ह्या खेळात यंत्राने चालवलेली माणसे प्रथम मुळीच ठेवली नव्हती. जो मनुष्य भेटेल तो खराच खेळाडू असेल, अशी योजना. ‘डेझी’ व ‘रस्ट’ पाहिलेल्यांनी भाकीत केले असते की येथेही रक्तपात माजेल.

तसे झाले नाही. ह्याचे कारण खेळाडू निराळे होते असे नाही; नियम निराळे होते. येथे मेले तरी शस्त्रे जात नाहीत, फक्त गोळा केलेले भंगार पडते. कोणी गोळी झाडली, तर समोरच्याने उलट गोळी झाडीपर्यंत तिने आरंभी नाममात्रच इजा होई. प्रतिकार न करणाऱ्याला मारले, तर मारेकऱ्याच्या डोक्यावर इनाम लागे, आणि ते त्याच्याच खिशातून भरले जाई. नकाशावर त्याची तांबडी खूण सर्वांना दिसे, त्याला मात्र कोणी दिसत नसे. मारून लाभ नाही, मरून सर्वनाश नाही. मग वैर कशासाठी? जुने खेळाडू नवख्याला औषधे, पाणी व हत्यारे देऊ लागले. वाटेवरच्या घरासमोर कोणी पाणी साठवून ठेवावे आणि येणाऱ्याजाणाऱ्याने ते प्यावे, हे आपल्या पाणपोईसारखे दृश्य प्रलयानंतरच्या भूमीवर दिसू लागले. खेळात आरंभी दोष पुष्कळ होते आणि समीक्षकांनी त्यावर कडक टीका केली. शून्य वस्तीचा कंटाळा येऊन लोकांनी माणसे मागितली, व २०२० च्या एप्रिलमध्ये यंत्राने चालवलेली माणसे त्यात घालण्यात आली. पण त्या खेळाची सौजन्याविषयीची ख्याती टिकली. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच कथासृष्टीवरील मालिका प्रसिद्ध झाल्यावर एका दिवसात दहा लाखांहून अधिक लोक तो खेळले, तेव्हाही नवागतांचे स्वागत जुन्यांनी भेटवस्तूंनीच केले.

ह्या वंशाची एक फांदी भारतातही पोहोचली, आणि ती मराठी घरांना चांगलीच परिचयाची आहे. ब्रेंडन ग्रीन ह्या आयरिश गृहस्थाने ‘डेझी’त फेरफार करून एक चढाओढ रचली, तिच्यातूनच पुढे कोरियन कंपनीच्या साह्याने २०१७ साली ‘पबजी’ जन्मास आला. २०१८ मध्ये तो मोबाइलवर आला आणि शहरोशहरी पसरला. २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी त्यावर बंदी घातली, त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात त्याविरुद्ध जनहितयाचिका गेली, आणि २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने अन्य अनेक चिनी संबंध असलेल्या कार्यक्रमांबरोबर त्याची मोबाइल आवृत्ती बंद केली. २०२१ च्या जुलैत तो नव्या नावाने परतला. पण मूळ वंशाचे काय उरले आणि काय गेले, हे पाहण्यासारखे आहे. शंभर माणसे उतरतात, आकुंचित होत जाणाऱ्या वर्तुळात लढतात, अर्ध्या तासात खेळ संपतो. घर बांधणे नाही, चूल नाही, शेजारी नाही. उद्या नाही. आणि ज्याला उद्या भेटायचे नाही, त्याच्याशी चांगले वागण्याचे कारणही राहत नाही.

ह्या साऱ्या इतिहासावरून मनुष्यस्वभावाविषयी अंतिम सिद्धांत काढणे अर्थातच धाडसाचे ठरेल. खेळातील मरणाला वेदना नसते, आणि खेळायला येणारे पुष्कळ जण थरारासाठीच आलेले असतात. प्रत्यक्ष संकटात माणसे अशीच वागतील, असे त्यावरून म्हणता येत नाही. परंतु एक गोष्ट ह्या प्रयोगांनी स्पष्ट दाखवली. तीच तरुण मुले, तीच त्यांची बुद्धी, तेच त्यांचे संस्कार. एका भूमीवर ती लांडगे झाली, दुसऱ्या भूमीवर परिचारक झाली, तिसऱ्या भूमीवर शेजारी झाली. जेथे एका चुकीने सर्वस्व जाते, जेथे दुसऱ्याची गरज कधी पडत नाही, आणि जेथे आज भेटलेला उद्या भेटणार नाही, तेथे सज्जनही बंदूक उगारतो. ह्या तीन गोष्टी बदलल्या की सामान्य मनुष्यही पाणपोई घालतो.

घरातील मुलगा किंवा मुलगी असा खेळ खेळत असेल, तर वडीलधारी माणसे बहुधा किती तास खेळला एवढेच विचारतात. तो प्रश्न योग्यच आहे. पण तेथे नियम काय आहेत, कोणी कोणाला मदत करते काय, आणि लुटलेल्या माणसाचे पुढे काय होते, हेही विचारले, तर कदाचित राज्यशास्त्राचा एक उत्तम धडा मुलाच्याच तोंडून ऐकावयास मिळेल. मनूला सहावा हिस्सा देणाऱ्या प्रजेने काय विकत घेतले होते, हे त्या मुलाला आपल्या फुटलेल्या भिंतीवरून ठाऊक झालेले असते. मात्स्यन्याय माशांच्या स्वभावात असतो तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, तळ्याच्या रचनेत असतो. आणि तळे बांधणे हे माणसाच्या हातचे काम आहे.